जळलेलं ट्रान्समिशन

आमच्या ओळखीच्या मराठी घरांमध्ये पिकअप फक्त आमच्याकडे होती, त्यामुळे ती सगळ्यांचीच होती. कुणाला सोफा हलवायचा असायचा, कुणाला बागेसाठी माती आणायची असायची, मंडळाच्या कार्यक्रमाचं नेपथ्य हॉलवर पोचवायचं असायचं. फोन माझ्या नवऱ्याला यायचा. "वहिनींची गाडी मिळेल का जरा?" आणि तो मला न विचारता हो म्हणायचा.

गाडी माझी होती. डॅलसलगतच्या अर्विंगजवळ एका शहराच्या पाणी खात्यात, पाणी तपासायच्या लॅबमध्ये मी केमिस्ट आहे. तिथला एक सहकारी रिटायर होऊन मुलाकडे राहायला निघाला, तेव्हा त्याच्याकडून मी ती घेतली. तेव्हाच ती जुनी होती. पुढे एकच लांब सीट, मागे उघडा हौदा, चार गिअरचं ऑटोमॅटिक ट्रान्समिशन, आणि मनात आलं तर चालणारा एसी. नवऱ्याला ती आवडली नव्हती. मला आवडली, कारण तिच्यात बसलं की रस्ता लांबपर्यंत दिसतो आणि कुणी उगाच कट मारत नाही.

जे लोक ती मागून न्यायचे, तेच पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, तिला हसायचे. "काय वहिनी, काउबॉय झालात का?" एकदा एका घरी मुंजीचे फोटो काढायचे होते, तर यजमान बाहेर येऊन म्हणाले, "तेवढी पिकअप जरा कोपऱ्यावर लावता का, फ्रेममध्ये येतेय." मी लावली. हसत लावली. हे आज लिहितानाही माझे दात आवळले जातात.

ज्याच्यामुळे हे सगळं घडलं, तो नवऱ्याचा इथला सगळ्यात जुना मित्र. आम्ही अर्विंगला नवीन आलो तेव्हा आम्हाला पहिल्यांदा घरी जेवायला बोलावलं ते त्याने आणि त्याच्या बायकोने. त्या रात्री जेवताना त्याने आडनाव विचारलं. मग "नागपूरला कुठे?" असं विचारलं. हा प्रश्न कुठे निघालेला असतो ते आम्हाला लहानपणापासून माहीत असतं. नवऱ्याने वस्तीचं नाव सांगितलं. मित्राने नजर ताटाकडे वळवली. मग त्याच्या बायकोने माझ्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढली आणि तूप ओतलं, आणि गप्पा पुढे सरकल्या. त्यानंतरही ते आम्हाला बोलावत राहिले. नवऱ्याने त्या जेवणाची जाण कायमची मनात ठेवली. त्या घराबद्दल कुणी वाकडा शब्द काढला तर तो उठून जायचा.

मार्च महिन्यात त्या मित्राने पिकअप मागितली. डॅलसच्या पलीकडून एक सोफा आणायचाय म्हणाला. शुक्रवारी संध्याकाळी नेली आणि रविवारी संध्याकाळी परत आणली. सोफ्याला एवढा वेळ? मी नवऱ्याला विचारलं. "वीकेंड आहे, निवांत आणला असेल," तो म्हणाला.

गाडी परत आली ती धुऊन, पुसून. टायरांनासुद्धा काळी चमक. टाकी भरलेली. सीटवर पेढ्यांचा बॉक्स. आजवर कुणी आमची गाडी धुऊन परत केली नव्हती. मी दुसऱ्या राज्यात असलेल्या आमच्या मुलीला फोनवर त्याचं कौतुक सांगितलं. ते पेढे मी ऑफिसात वाटले.

पुढच्याच आठवड्यापासून गाडी बिनसली. दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना इंजिन एकदम ओरडायचं आणि गाडी मात्र पुढे ओढायची नाही. ओल्या फरशीवर चप्पल सटकावी तसं काहीतरी आत सटकायचं, मग धक्का बसून गिअर लागायचा. मी नवऱ्याला सांगितलं. "जुनी आहे, चालायचंच," तो म्हणाला. एप्रिल उजाडला होता, आमच्या जयंतीच्या कार्यक्रमाची तयारी सुरू होती. कार्यक्रम झाला की गॅरेजला दाखवू, असं ठरलं.

जयंतीच्या दिवशी सामान माझ्याकडे होतं. हौद्यात घडीच्या खुर्च्या, भाताची आणि वरणाची मोठी पातेली दोरीने आवळून बांधलेली. आणि माझ्या शेजारच्या सीटवर, गोधडीत गुंडाळून, सीटबेल्ट लावून, हॉलमध्ये मधोमध ठेवायची ती मोठी फ्रेम. ती मी कधीच हौद्यात ठेवत नाही. नवरा दुसऱ्या गाडीने आधी निघाला होता.

हायवेवर चढायच्या रॅम्पवर पिकअपने जीव सोडला. इंजिन चालू होतं, मी पाय दाबला की गर्जत होतं, पण चाकांना त्याचा पत्ताच नव्हता. मागून हॉर्न सुरू झाले. गाडी हळूहळू मागे यायला लागली. मी ब्रेक दाबून, उतारानेच मागे घेत घेत तिला कडेला आणली. रिव्हर्स टाकून पाहिला, लागत नव्हता. ड्राइव्ह टाकला, तोही नाही. खालून वास आला. माझं काम वासाचं आहे, पाण्याला कसला वास येतो ते मी रोज लिहिते. हा वास करपलेल्या तेलाचा होता, डोक्यात जाणारा.

नवऱ्याला फोन केला, तो उलटा आला. युनिव्हर्सिटीतली आपली तीन-चार मुलं त्यांच्या छोट्या गाड्या घेऊन आली आणि रस्त्याच्या कडेला, ट्रक अंगावरून जात असताना, खुर्च्या आणि पातेली हलवायला लागली. वरण सांडलं. फ्रेम उन्हात नको म्हणून नवरा ती छातीशी धरून कुंपणाच्या सावलीत उभा राहिला. टो ट्रक येईपर्यंत मी थांबले. हॉलवर पोचले तेव्हा वंदना होऊन गेली होती. जिचं भाषण मी स्वतः महिनाभर पाठ करून घेतलं होतं, त्या मुलीचं भाषणही होऊन गेलं होतं. एका मुलाची आजी भारतातून आली होती, पांढरी साडी नेसून पुढच्या रांगेत बसली होती. ती म्हणाली, "बाई, तुमच्यासाठी खूप थांबले हो सगळे." मला रडायला आलं. राग येत होता, पण तेव्हा कुणाचा ते मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं ट्रान्समिशनच्या गॅरेजमध्ये गेलो. मालकाने ट्रान्समिशनच्या ऑइलची दांडी काढून कागदी टॉवेलवर टेकवली. चांगलं ऑइल लाल असतं. हे काळं होतं.

"काय ओढलंत हिच्याने?" त्याने विचारलं.

"काही नाही."

"ट्रेलर? कॅम्पर?"

"आम्ही कधीच काही ओढत नाही."

तो हसला. चिडून नाही, सवयीने. खोटं बोलणारी गिऱ्हाइकं त्याने रोज पाहिलेली असणार. "मॅम, हे आपोआप असं शिजत नाही," तो म्हणाला आणि माझ्या डोक्यावरून नवऱ्याकडे बघत त्यालाच विचारलं, "सर?" नवरा भिंतीवरच्या टायरच्या जाहिराती बघत होता. मी दोघांच्या वतीने ठणकावून सांगितलं, "नेव्हर."

मालकाने खांदे उडवले. दुरुस्तीला गाडीच्या किमतीपेक्षा जास्त लागेल, भंगारात द्या, म्हणाला. मी गाडी तशीच टो करून घरी आणली. नवरा वाटेत म्हणाला, "काढून टाकू या यार. किती दिवस सांभाळायची?" एका परक्या माणसाने मला तोंडावर खोटारडी ठरवलं होतं आणि मी खरं बोलत होते, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

त्यानंतरच्या शनिवारी मी भारतीय दुकानात भाजी घेत होते. शेवग्याच्या शेंगा निवडत असताना मागून कुणीतरी दंडाला धरलं. त्या मित्राची बायको.

"अगं, बोट बघायला कधी येताय?" ती म्हणाली.

"कुठली बोट?"

"अशी काय करतेस! तुमच्याच गाडीने तर आणली. ऑस्टिनच्या पलीकडून. बाई गं, त्या चढांवर काय वास येत होता! मी म्हटलं पेट घेते की काय. यांनी दोनदा थांबवली गाडी." मग तिने माझा चेहरा पाहिला. "तुला माहीत नाही? हे तर म्हणाले, वहिनींना सांगितलंय."

मी सामानाची गाडी तिथेच सोडली. नवऱ्याची गाडी आणली होती, त्यात बसले आणि थेट तिच्या घरी गेले.

बोट ड्राइव्हवेमध्येच होती. पांढरी, लांबलचक, चाकांच्या दोन जोड्यांच्या ट्रेलरवर. आमच्या पिकअपपेक्षा मोठी दिसत होती. तो हिरवळीला पाणी घालत होता.

"या वहिनी, या! एकट्याच?"

"ही बोट माझ्या गाडीला लावली होतीत?"

तो हसला. "अहो, सरप्राइज द्यायचं होतं सगळ्यांना. समरमध्ये लेकवर जाऊ, मज्जा करू."

"सोफा म्हणाला होतात."

"सोफाही होता डोक्यात. ते मग कॅन्सल केलं."

"चढावर जळका वास आला म्हणून तुम्ही दोनदा थांबलात. म्हणजे तुम्हाला कळलं होतं. ट्रान्समिशन जळून गाडी बंद पडलीय माझी. परत देताना तोंड का नाही उघडलंत? गाडी धुतलीत, पेढे ठेवलेत, पण एक वाक्य नाही सांगता आलं?"

"वहिनी, जुनी गाडी आहे. आज ना उद्या ते होणारच होतं. बिल मला पाठवा, मी बघतो."

"बिल नकोय. चुकलं म्हणा."

त्याने पाणी बंद केलं. पाइप खाली टाकला. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"हे बघा," तो समजुतीच्या स्वरात म्हणाला, "आम्ही तसलं काही कधी मानलं नाही. एवढी वर्षं तुम्ही अगदी आमच्या किचनपर्यंत येता. आता तुम्हीच प्रत्येक गोष्ट त्या अँगलने घेणार असाल, तर मग अवघड आहे."

मला आधी कळलंच नाही तो कशाबद्दल बोलतोय. मी बोटीबद्दल बोलत होते. चढाबद्दल, ऑइलबद्दल, एका साध्या खोटेपणाबद्दल. जात मी काढली नव्हती. ती त्याच्या जिभेखाली तयार होती, एवढी सगळी वर्षं. अडचणीत सापडल्याबरोबर त्याने ती काढून माझ्यासमोर धरली, आणि वर ती मीच आणली असं सांगितलं.

"तुमच्या किचनमध्ये मी पोळ्या लाटल्यात," मी म्हणाले. माझा आवाज शेजारच्या घरापर्यंत जात असणार. "तुमच्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा आठवडाभर तुमचा डबा मी केला. तो खाताना तुम्हाला वाटत होतं का, की तुम्ही मला येऊ देताय?"

"तुम्ही चिडला आहात. आपण नंतर बोलू," तो म्हणाला आणि आत गेला. दार लावलं. मी त्याच्या हिरवळीवर उभी राहिले. त्या बोटीला लाथ मारावीशी वाटली. मारली नाही, याचं आजही थोडं वाईट वाटतं.

घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. तो डोकं धरून बसला. म्हणाला, "त्याला तसं म्हणायचं नसेल."

"मग कसं म्हणायचं होतं?"

"जाऊ दे ना."

हे "जाऊ दे" मी माझ्या आईकडून ऐकलं, शाळेतल्या बाईंकडून ऐकलं, आणि सात समुद्र ओलांडून आल्यावर स्वतःच्या सोफ्यावर पुन्हा ऐकलं. मी आतल्या खोलीत जाऊन मुलीला फोन लावला.

आमची मुलगी मिनेसोटात असते, ईडन प्रेरीला राहते आणि नाटकांचे सेट बांधायचं काम करते. करवत, वेल्डिंग, दोऱ्या, पुली यांच्यात तिचा दिवस जातो. स्वतःच्या जुन्या गाडीचं इंजिन तिने मित्रमैत्रिणींबरोबर उतरवलेलं आहे. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, डोन्ट सेल इट. वी कॅन डू धिस. मी येते."

दोन नाटकांच्या मधल्या सुट्टीत ती आली. येण्याआधीच तिने फोन करून करून एका भंगारवाल्याकडे आमच्याच मॉडेलची, मागून ठोकलेली पिकअप शोधली होती. पुढचा भाग शाबूत, ट्रान्समिशनही शाबूत. आम्ही तिथे जाऊन त्याचं ऑइल बघितलं. लाल होतं, वासही ठीक. भंगारवाल्याने ते उतरवून दिलं. अवजारं भाड्याने देणाऱ्या दुकानातून ट्रान्समिशन उचलायचा खास जॅक आणला. घराच्या गॅरेजच्या दारात पिकअप चार स्टँडवर चढवली आणि आम्ही मायलेकी पाठीवर झोपून तिच्या पोटाखाली शिरलो.

आधी ऑइल काढलं. खालचा ट्रे सोडला तर तळाशी काळा चिखल, आतल्या क्लचच्या चकत्या झिजून झालेला. मग मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट काढला. ऑइल थंड करणाऱ्या नळ्या सोडवल्या, गिअरच्या तारा सोडवल्या. इंजिन आणि ट्रान्समिशन यांच्यामध्ये एक मोठी गोल डबी असते, टॉर्क कन्व्हर्टर. इंजिनाची ताकद तीच पुढे देते. तिचे बोल्ट एका छोट्या खिडकीतून, इंजिन हाताने फिरवत फिरवत, एकेक करून काढावे लागतात. सगळ्यात वाईट ट्रान्समिशनच्या वरच्या बाजूचे बोल्ट. ते दिसत नाहीत. हातभर लांब दांडी लावून, अंदाजाने पान्हा बसवून, जीव खाऊन ओढायचं. दर ओढीला मी एकेक वाक्य मनात म्हणत होते. किचनपर्यंत. तसलं काही मानत नाही. त्या अँगलने. बोल्ट कडकन आवाज करून सुटायचा आणि तोंडावर गंज पडायचा. मुलगी म्हणाली, "आई, यू आर स्केअरिंग मी अ लिटिल." पण ती हसत होती.

नवरा लिंबू सरबत घेऊन यायचा आणि रेंगाळायचा. दुसऱ्या दिवशी मुलीने त्याच्या हातात टॉर्च दिला. जुनं ट्रान्समिशन जॅकवर आलं, मागे सरकलं आणि हळूहळू खाली उतरलं. आम्ही ते ओढून उन्हात आणलं. तेल गळत होतं, तोच करपट वास. मुलगी कपाळ पुसत म्हणाली, "सीरियसली, बाबा, हू डज धिस? असं करून कोण गप्प बसतं?"

तो म्हणाला, "त्याने फोन केला होता मला."

कुणाला काही कळलं नाही. मी विचारलं, "कोणी?"

"त्याने. रस्त्यातून. गाडीला वास येतोय म्हणाला. मी म्हटलं, थांब थोडा वेळ, थंड झाली की निघ."

"बोट लावलीय हे माहीत होतं तुला?"

"तेव्हा सांगितलं त्याने. वहिनींना एवढ्यात सांगू नको म्हणाला."

माझ्या हातात पान्हा होता. मी तो खाली ठेवला, कारण हातात ठेवणं बरं नव्हतं.

"गॅरेजमध्ये मी नेव्हर म्हणाले तेव्हा तू माझ्या शेजारी उभा होतास."

तो हातातल्या टॉर्चचं बटण चाळवत राहिला.

"गिअर सटकतोय म्हणून तुला सांगितलं. जुनी आहे म्हणालास. त्या दिवशी रस्त्याच्या कडेला फ्रेम छातीशी धरून उभा होतास. तेव्हाही तुला माहीत होतं!"

"तू भांडली असतीस त्यांच्याशी," तो म्हणाला. "मग सगळं तुटलं असतं. आपलं इथे दुसरं कोण आहे गं?"

"मी आहे इथे," मी ओरडले. "मी! तुला त्यांच्या टेबलावरची खुर्ची जपायची होती. त्यासाठी मला जगासमोर खोटी पाडलंस, आणि वर गाडी विकायला निघालास, म्हणजे विषयच संपला!"

मित्रावरचा राग मला समजत होता. तसला राग हाताळायला मी आयुष्यभर शिकले होते. पण नवऱ्याच्या या गप्प राहण्यावर माझ्याकडे काहीच उपाय नव्हता. तो घाबरट माणूस नाही. नागपूरला मोर्चात पोलिसांची लाठी खाल्लेला माणूस आहे. तोच माणूस इथे एका ताटासाठी एवढा वाकला होता, आणि त्याने वाकताना मलाही मानेला धरून वाकवलं होतं. मी त्याला हे सगळं बोलले. आणखी बरंच बोलले, ते इथे लिहीत नाही. मुलगी आत निघून गेली. शेजारच्या घरातल्या बाईने खिडकी बंद केली.

तो ऐकत उभा राहिला. एकदाही जाऊ दे म्हणाला नाही. मग मुलगी बाहेर आली, डोळे लाल. ती आम्हा दोघांकडे न बघता म्हणाली, "बाबा, जॅक धरा."

आम्ही पुढचं काम करायला लागलो. दुसरं काय करणार होतो? गाडी अर्धी उघडी होती. नळ्यांमधून साफ करायचं औषध सोडून जुना काळा गाळ काढला, नाहीतर त्याने नवीन ट्रान्समिशनही मेलं असतं. कन्व्हर्टर बसवायचं काम मी घेतलं. तो नुसता ढकलून चालत नाही. गोल फिरवत आत दाबायचा, मग तो खट् करून एक पायरी आत जातो, पुन्हा फिरवायचा, पुन्हा खट्. पूर्ण आत न जाता बोल्ट आवळले तर आतला पंप फुटतो. शेवटची पायरी काही केल्या सापडेना. मी चिडून जोर लावत होते. नवरा बाजूला बसून कन्व्हर्टरला खालून आधार देत होता. "हळू," तो म्हणाला. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो पुन्हा बोलला नाही. मग कन्व्हर्टर एकदम आत गेला.

वर चढवताना नवऱ्याची बोटं दोनदा चेमटली. त्याने रक्त पँटला पुसलं आणि काम चालू ठेवलं. मला दया आली नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळं जोडून झालं. नवीन ऑइल ओतलं, गाडी सुरू केली, एकेका गिअरमधून फिरवली. रिव्हर्स लागला, जरा धक्का देऊन. ड्राइव्ह लागला. मी गल्लीत फेरी मारली, मग हायवेवर नेली. दुसऱ्यातून तिसऱ्यात गेली तेव्हा काहीच झालं नाही, नुसती गेली. मुलगी शेजारी बसून डॅशबोर्ड बडवत होती. मीही ओरडले. तेवढा वेळ राग नव्हता.

मुलगी परत गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी नवरा जुनं ट्रान्समिशन भंगारात टाकायला माझ्याबरोबर आला. मी चालवत होते. त्याने वाटेत मित्राला फोन लावला, माझ्या शेजारी बसून. मी त्याला सांगितलं नव्हतं. "बोटीचं मला माहीत होतं, ते मी बायकोला सांगितलंय," तो म्हणाला. "आता तू तिची माफी माग. गाडीची, आणि किचनचं बोललास त्याचीही." पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. नवरा ऐकत होता. शेवटी म्हणाला, "नाही, तिने माझे कान भरलेले नाहीत. मी स्वतः चिडलोय." आणि फोन ठेवला. मला आनंद व्हायला हवा होता. मला एवढंच वाटलं, की हे मार्चमध्ये का नाही?

मित्राने माफी मागितली नाही. त्या घरी आम्ही पुन्हा गेलो नाही. मंडळात कुणीतरी सांगत होतं, की वहिनी एका जुन्या गाडीवरून फार ताणतायत. सांगू देत.

उन्हाळ्यात एका दुपारी त्याची बायको आमच्या दारात आली. एकटी. हातात काही नव्हतं, ना डबा, ना मिठाई.

"ह्यांनी पाठवलेलं नाही," ती म्हणाली. "मी त्या दिवशी दुकानातून तुझ्या मागोमागच आले. आमच्या गॅरेजच्या दारातून घरात गेले. हे किचनचं बोलले ते मी आतून ऐकलं. मला बाहेर यायला हवं होतं."

"हो," मी म्हणाले. "यायला हवं होतं."

तिने मान हलवली. रडली नाही, कारणं दिली नाहीत. मी तिला आत घेतलं, चहा टाकला. आम्ही तिच्या गुडघ्याबद्दल बोललो, माझ्या मुलीच्या नाटकाबद्दल बोललो. तिला अजूनही मी पूर्ण माफ केलेलं नाही, आणि तिला ते माहीत आहे. तरी ती येते.

नवरा आणि मी एकाच घरात राहतो, एकत्र जेवतो. तो आता फोन आला की आधी मला विचारतो. मुलगी दर रविवारी फोनवर विचारते, "आर यू स्टिल मॅड ॲट बाबा?" तो शेजारीच बसलेला असतो, स्पीकर चालू असतो. मी हो म्हणते. तो ऐकतो, आणि भाजी निवडत राहतो.